सात पाण्यांत एक मातीचं

मगरिबला अजून थोडा वेळ होता. पडवीत बसून अम्मी तसबीह फिरवत होती. मध्येच थांबून ती म्हणाली, "मांजरानं सुका बांगडा ओढून आणलान वाटतं कुठंतरी."

मी कपाटाखाली पाहिलं, लाकडांच्या मागे पाहिलं. बांगडा कुठंच नव्हता. पण वास होता, आणि तो बांगड्यापेक्षा तिखट होता, नाकात जाऊन बसणारा. अंगणातून कित्मीर आला, मागचे पाय पुढं ताणून बसला आणि ढुंगण जमिनीला घासत पार पायरीपर्यंत सरकत गेला. फरशीवर तपकिरी ओली रेघ उमटली. अम्मी तसबीह घेऊन उठली आणि काही न बोलता आत गेली. ही 2023 सालची गोष्ट.

कित्मीर हा अब्बांचा कुत्रा. 2013 मध्ये नारळाच्या वाडीत माकडांचा उपद्रव फार वाढला, तेव्हा त्यांनी हे गावठी पिल्लू आणलं. असहाब-ए-कहफच्या गुहेच्या तोंडाशी पाय पसरून बसलेल्या कुत्र्याचा उल्लेख कुरआनात आहे. त्याचं नाव तिथं नाही, पण परंपरेनं तो कित्मीर. अब्बांना ते नाव आवडायचं. मोहल्ल्यातल्या पोरांनी त्याचं 'कित्तू' केलं. तो वाडीत राहायचा, वाडीतच जेवायचा, आणि घराची पायरी चढायची नाही हे त्याला कुणी न शिकवता कळलं होतं.

आम्ही कोकणी मुसलमान शाफई. कुत्र्याच्या बाबतीत आमचा मसला सगळ्यांत कडक. कुत्र्याचं ओलं अंग, लाळ, काहीही लागलं तर सात वेळा धुवायचं आणि त्यातलं एक पाणी मातीचं. माझी बायको घाटावरची, हनफी. तिच्या माहेरी लाळ नापाक, पण तीन वेळा धुतलं की झालं, सात वेळा धुणं चांगलं एवढंच. आणि इमाम मालिकांच्या मते तर जिवंत कुत्रा पाकच. लग्न होऊन आली तेव्हा नळाजवळचा तांबड्या मातीचा डबा बघून बायकोला वाटलं, तुळस-बिळस लावायची आहे की काय. शेती, गुरं आणि शिकार यांसाठी कुत्रा ठेवायला मात्र सगळ्यांकडे मुभा आहे. शिकारी कुत्र्यानं धरून आणलेलं खायची परवानगी कुरआनातच आहे. म्हणजे कित्मीर वाडीत होता तोवर कुणाला काही म्हणायचं कारण नव्हतं.

अब्बा 2019 मध्ये गेले. मग 2021 आलं. त्या वर्षी 21 जुलैला बकरी ईद होती आणि दुसऱ्या दिवशी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. 2005 च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती, ती बघता बघता बुडाली. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. कित्मीर वाडीच्या बांधावरून पोहत आला आणि जिन्याच्या चौथ्या पायरीवर थांबला. पाणी चौथ्या पायरीला आलं तेव्हा पाचवीवर. असा तो एकेक पायरी मागे सरत होता, पण वर येत नव्हता. शेवटी अम्मीच म्हणाली, "घे त्याला वर. मुसल्ला मी उचलते." दोन रात्री तो आमच्यात राहिला. पाणी उतरल्यावर घरभर गाळ होता. अम्मी म्हणाली, "धुवायला माती तरी कमी नाही आता."

वाडीतली खोप पुरात वाहून गेली. कित्मीर पडवीत आला तो कायमचाच. माकडांमागे धावणं संपलं, बांधून राहणं आलं. आमच्या ताटातला उरलेला भात, रस्सा, शुक्रवारची बिर्याणी, सगळं त्याच्या टोपात जायचं. अब्बांच्या मागं त्याचे लाड करणं हीच अब्बांची आठवण झाली होती. तो सुटला, पोट लोंबायला लागलं. त्या फरशीवरच्या रेघेचं मूळ इथं होतं, पण ते आम्हाला पुढं कळलं.

शेजारचे चाचा म्हणाले, जंत झालेत. जंताचं औषध दिलं, घासणं काही थांबेना. मग रिक्षात गोणपाट अंथरून त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं माझ्या पुढं दोन म्हशी आणि एक पाठ होती. डॉक्टरांनी शेपूट उचलली, वास घेतला आणि हसले. "जंत नाहीत. ग्रंथी भरल्यात."

कुत्र्याच्या गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या आत दोन छोट्या पिशव्या असतात. घड्याळाचं तोंड मानलं तर चार आणि आठ वाजण्याच्या जागी. त्यांत एक उग्र वासाचा द्रव साठतो. कुत्रे एकमेकांना मागून हुंगतात ते यासाठीही. प्रत्येक कुत्र्याची ही खरी ओळख, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखी. शौच घट्ट असलं की जाता जाता त्या पिशव्या दाबल्या जातात आणि थोडा थोडा द्रव निघून जातो. शौच नरम असलं, अंगावर चरबी चढली, वय झालं, की दाब पडत नाही. द्रव आतच राहतो, घट्ट होतो, तोंड बुजतं. मग कुत्रा घासतो, मागं वळून चाटत राहतो, बसता बसता दचकून उठतो.

डॉक्टरांनी हातमोजा चढवला, कापूस धरला आणि मला बोट लावून बघायला सांगितलं. कातडीखाली करवंदाएवढी टणक गोळी लागली. अंगठा आणि पहिलं बोट गोळीच्या मागे ठेवायचं आणि हलकेच वर, बाहेरच्या बाजूला दाबत यायचं. "हलक्या हातानं आलं तर ठीक. नाही आलं तर जोर करायचा नाही, इकडे आणायचं. रक्त, पू दिसला तरी आणायचं. आणि भरल्याशिवाय उगीच दाबत बसायचं नाही, त्यानंही सूज येते. अन् हो, तोंड बाजूला ठेवा." ही शेवटची सूचना त्यांनी जरा उशिरा दिली.

तो शर्ट मी अंगणातच उतरवला. सात पाणी, एक मातीचं. खरं तर हा द्रव कुठल्याही मजहबात नापाकच, त्यात इमामांचा मतभेद नाही. अंगाचा वास दोन दिवस गेला नाही असं मला वाटत राहिलं. शुक्रवारी दुप्पट अत्तर लावून मशिदीत गेलो. नेहमी माझ्या शेजारी उभे राहणारे एक गृहस्थ होते. अब्बांचे दोस्त, त्यांच्या जनाज्याला खांदा दिलेले. सफ लागत असताना ते माझ्याकडे न बघता मागच्या सफेत गेले. वासानं गेले की कुत्र्याचं ऐकून गेले, मी कधी विचारलं नाही. त्या नमाजीत मी कुठली सूरत ऐकली ते मला आठवत नाही.

घरी चर्चा झाली. कुणी म्हणालं, मासळी बाजारात सोडा, तिथं पोट भरेल. कुणी म्हणालं, म्हातारा झालाय, डॉक्टरला सांगून सुई द्या. मी मौलानांकडे गेलो. मला वाटलं होतं, ते एका वाक्यात निकाल देतील. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "सुकं सुक्याला लागलं तर नजासत लागत नाही. ओलं लागलं तर धुवायचं, पाणी आहेच. नमाजचे कपडे वेगळे ठेवा. पण ज्याला बांधून ठेवलंत त्याला रस्त्यावर सोडलंत, तर त्याचा हिशेब कोण देणार?" मला बांधून ठेवणं हा शब्द लागला. बांधला होता तो आम्हीच.

अम्मीला हे सांगितलं. तहानलेल्या कुत्र्याला मोज्यातून पाणी पाजणाऱ्याची बख्शिश झाली, ती हदीस तिनं मला ऐकवली. मी म्हटलं, "पाणी पाजणं सोपं होतं अम्मी. ही गाठ दाबणाऱ्याचं काही आलंय का हदीसमध्ये?" "तोबा कर," ती म्हणाली, आणि तोंडावर पदर घेऊन हसली.

त्यानंतर कित्मीरचं जेवण तिनं हातात घेतलं. बिर्याणी, रस्सा, चरबी बंद. डॉक्टरांनी कांदाही कुत्र्याला विषारी असल्याचं सांगितल्यावर तर ती हादरलीच, कारण आमच्या घरात कांद्याशिवाय काही शिजत नाही. त्याच्यासाठी वेगळं पातेलं आलं. बिनचरबीचं मटण, थोडा भात आणि उकडून कुस्करलेला लाल भोपळा. वर चमचाभर इसबगोल पाण्यात भिजवून. चोथ्यानं शौच बांधून येतं आणि पिशव्या आपोआप दाबल्या जातात. संध्याकाळी मी त्याला खाडीच्या बाजूनं फिरवून आणायला लागलो. चार महिन्यांत पोट आत गेलं. महिन्याला एकदा हातमोजा चढवावा लागायचा, तो दीड-दोन महिन्यांवर गेला.

असं असूनही 2024 च्या रमजानमध्ये गळू झालंच. दिवस उन्हाचे, मी रोजे आणि शाळेच्या परीक्षा यांत, तपासायचं राहून गेलं. एका सहरीला उठलो तर तो उभाच होता, बसत नव्हता. शेपटीखाली एका बाजूला लाल, गरम सूज. चाचा म्हणाले, तापाची गोळी अर्धी करून द्या. नशीब, डॉक्टरांना फोन केला. ते ओरडलेच, माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला द्यायच्या नाहीत. उजाडायच्या आत ते गळू फुटलं. रक्त, पू आणि तोच वास. फजरची जमात माझी चुकली. डॉक्टरांनी जखम सलाईननं धुतली, प्रतिजैविकं दिली, कोमट पाण्यानं शेक सांगितला. चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर हवी होती, ती मिळेना. मग बायकोनं प्लास्टिकच्या जुन्या बादलीचा बूड कापला. बादली घालून तो दारात बसला की पोरं हसायची आणि तो मान फिरवायचा.

शेक द्यायला दोन माणसं लागत. एकानं डोकं धरायचं. बायको माहेरी गेली त्या दिवशी मी एकटाच धडपडत होतो. अम्मी आली, हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली आणि बादलीची कड धरली. बारा वर्षांत तिनं त्याला हात लावल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि तसा त्या दिवशीही लावला नाहीच. पण शेक संपेपर्यंत तिनं बादली सोडली नाही. त्याच्याशी ती बोलत होती. काय बोलत होती ते मला ऐकू येऊ नये इतक्या हळू.

या दोन ग्रंथी शस्त्रक्रियेनं काढूनही टाकतात. डॉक्टरांनी तो मार्ग सांगितला, मग त्याचं वयही सांगितलं. भूल सोसेल का, हा एक प्रश्न. शिवाय शौच आवरून धरणाऱ्या नसा तिथूनच जातात, त्यांना धक्का लागला तर ताबा जातो. आमच्यासारख्या घरात त्याचा अर्थ काय, हे मला समजावून सांगायला नको होतं. नको म्हणालो.

या पावसाळ्यात तो पाणी फार पिऊ लागला. एरवी मी लक्ष दिलं नसतं. पण म्हाताऱ्या कुत्र्यांत या ग्रंथीचा कर्करोग होतो, त्यात रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि तहान लागते, हे डॉक्टरांकडून ऐकलं होतं. रक्त तपासायला पाठवलं. अहवाल यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत अम्मी रोज त्याचा टोप स्वतः भरायची आणि किती उरलं ते मला सांगायची. कॅल्शियम ठीक निघालं, गाठही लागली नाही. दर दोन महिन्यांनी आतून बोट घालून तपासायचं, असं ठरलं आहे.

भिंतीवरच्या कॅलेंडरात अम्मी गुरुवारी एक गोल करते. ते शुक्रवारच्या आत उरकावं, असं तिचं म्हणणं. त्या दिवशी असरनंतर पडवीत हातमोजे, कापूस आणि जुना शर्ट काढून ठेवलेला असतो. नळाजवळचा मातीचा डबा भरलेला असतो. कित्मीर ते सगळं बघतो आणि उठून वाडीकडे चालू लागतो. आता त्याला लांब जाता येत नाही. बांधापर्यंत जातो आणि मी येईपर्यंत तिथं उभा राहतो.