आधी आजीला सांग

तिच्या पहिल्या स्लाइडवर केळीची व्याख्या होती. शास्त्रीय नाव, कुळ, उष्ण कटिबंध. यावल तालुक्यातली मुलगी, घरची दोन एकर केळी, आणि आमच्याकडे पाठ फिरवून ती पडद्यावरचं इंग्रजी वाचत होती. तिसऱ्या ओळीवर एक शब्द अडला आणि पुढचं सगळंच निसटलं. तिचे डोळे भरून आले.

मी तिला बसू दिलं नाही. म्हटलं, "प्रोजेक्टर बंद कर. वादळात बाग पडली ते आजीला कसं सांगशील, तसं सांग. आपल्या बोलीत."

मग 'डोळे'चे 'डोये' झाले, हात हलू लागले. मृगात लावलेली, अकरा महिने पोसलेली बाग, घड भरलेले, कापणी आठ दिवसांवर, आणि रात्री वारा सुटला. सकाळी बाप बांधावर उभा होता, दुपारपर्यंत घरी आला नाही. वर्ग चिडीचूप झाला होता.

त्यातली चारच वाक्यं आम्ही इंग्रजीत नेली. 'द प्लांट वॉज इलेव्हन मंथ्स ओल्ड. इट टुक वन नाइट.' व्याकरण सोपं, शब्द सहावीतले. पण आता ती आमच्याकडे बघून बोलत होती.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत शिकवताना सुरुवातीची काही वर्षं मी उलटं करत होतो. उत्तम इंग्रजीत भाषण लिहून द्यायचो, मुलं घोकायची आणि मंचावर उभ्या उभ्या गोठायची. चूक माझी होती. माणूस दुसऱ्याची वाक्यं पाठ करतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष पुढच्या शब्दाकडे असतं. समोरचा ऐकतोय का, हे पाहायला त्याला सवडच उरत नाही.

धुळ्याच्या मुलांना मी त्यांच्याच गावच्या तुरुंगाची गोष्ट सांगतो. 1932 साली तिथे विनोबा दर रविवारी कैद्यांसमोर गीतेचा एकेक अध्याय उलगडत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं आधी बोललं गेलं, मग लिहिलं गेलं. आमच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या कवयित्री बहिणाबाई चौधरींना तर अक्षरओळखच नव्हती. आधी बोलणं, मग कागद. हा क्रम इथलाच आहे.

उच्चारांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. खानदेशी वळण काढून टाकण्याच्या मागे मी लागत नाही. आघात मात्र घासूनपुसून घेतो. आपण 'बनाना'ची तिन्ही अक्षरं सारख्याच वजनानं म्हणतो. इंग्रजीत जोर मधल्या 'ना'वर, बाकीची दोन हलकी. आघात चुकला की परक्या श्रोत्याला ओळखीचा शब्दही कळत नाही, आणि केळी पिकवणाऱ्या जिल्ह्यातल्या पोरांचा नेमका हाच शब्द चुकावा, हे मला बरं वाटत नाही. दुसरं, आकडा सांगितला की थांबायचं. मनात दोन मोजायचे. ऐकणाऱ्याला तो आकडा डोक्यात ठेवायला तेवढा वेळ लागतो.

मुलांना सगळ्यात मोठी भीती प्रश्नांची. "सर, उत्तर आलं नाही तर?" तर 'आय डोन्ट नो, आय विल फाइंड आउट' म्हणायचं, आणि खरोखर शोधून आणायचं. हे वाक्य मान खाली न घालता म्हणण्याचा सराव आम्ही वेगळा करतो. त्याला एक अख्खा तास जातो आणि तो तास मी कधीच वाचवत नाही.

त्या मुलीनं शेवटी सहा मिनिटांचं प्रेझेंटेशन केलं. स्लाइड तीनच: उभी बाग, पडलेली बाग, खर्चाचा हिशेब. विमा या विषयावर तिला चार प्रश्न आले, त्यातल्या तीन प्रश्नांची उत्तरं तिनं दिली. चौथं ती आठवड्यानं घेऊन आली.

इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या मित्रांना एवढीच विनंती: पहिले पंधरा दिवस प्रोजेक्टर लावू नका. पोरांना बोलू द्या, त्यांच्या बोलीत बोलू द्या, आणि तुम्ही शेवटच्या बाकावर बसून ऐका.