होय म्हटल्यानंतर

एखाद्या प्रदेशाने आज ज्या राज्यात वा संघात तो आहे त्यातून बाहेर पडावे की नाही, हा प्रश्न मतपत्रिकेवर छापला, की त्याला दोनच उत्तरे उरतात. मतपत्रिकेला त्याहून अधिक झेपत नाही. परंतु ते उत्तर देणारा माणूस घरी परत येतो, जेवायला बसतो आणि शेजारच्या पाटावरच्या माणसाशी वाद घालू लागतो, तेव्हा त्या एका 'होय'च्या पोटात किती निरनिराळ्या गोष्टी होत्या हे बाहेर पडते. वऱ्हाडातल्या आमच्यासारख्या कुटुंबांना हा अनुभव अगदी जवळचा आहे. म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटले.

माझे माहेर अकोला जिल्ह्यातले आणि सासर अमरावतीचे. दोन्हीकडे वेगळ्या विदर्भाचा विषय पिढीजात आहे, म्हणजे वाडवडिलांच्या भांड्यांसारखा तो आमच्याकडे चालत आलेला आहे. २०१३-१४ च्या सुमारास 'जनमंच' या संघटनेने अमरावती, नागपूर अशा शहरांत जनमत चाचणी घेतली. त्या चाचणीला कायद्याचा कोणताही आधार नव्हता. ज्यांना इच्छा होती त्यांनी जाऊन मत टाकायचे, एवढेच तिचे स्वरूप होते. कौल अपेक्षेप्रमाणे वेगळ्या राज्याच्या बाजूने, आणि फार मोठ्या बहुमताने, लागला. आमच्या घरातून तिघांनी मत दिले आणि तिघांनीही 'होय' म्हटले. त्यांत मीही होते, आणि तो प्रश्न पुन्हा पुढे आला तर आजही माझे उत्तर तेच राहील. मात्र आमच्या घरातल्या वादाला खरी सुरुवात झाली ती कौल लागल्यानंतर.

आमचे भासरे अमरावतीत वकिली करीत. त्यांच्या मते हा स्वाभिमानाचा प्रश्न होता. आपला कारभार आपण करावा, तो चांगला होतो की वाईट हे नंतर पाहता येईल. ते म्हणत, "राजेहो, घरात भांडन झालं तं चालते, पन घर तं आपलं पायजे ना!" माझ्या पुतण्याने 'होय' म्हटले ते नोकरीसाठी. नवे राज्य म्हणजे नवे सचिवालय, नवा लोकसेवा आयोग, नव्या जागा, असा त्याचा सरळ हिशेब होता. मी 'होय' म्हटले ते पाण्यासाठी. माझे माहेर खारपाणपट्ट्याच्या कडेला आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला असून तेथील भूगर्भातले पाणी खारट आहे. विहीर खणली तरी ते पाणी पिण्याच्या कामाचे नाही आणि पिकाला दिले तर जमीनच नासते. अशा मुलखात कालव्याचे गोडे पाणी येणे वा न येणे यावर कुटुंबाचे सगळे भवितव्य ठरते. माझ्या लहानपणी शेजारच्या दोन घरांनी जमीन विकून गाव सोडले ते याच कारणाने. तेव्हा आमची तीन मते मोजणीत एकाच रकान्यात पडली असली, तरी ती तीन वेगवेगळ्या राज्यांसाठी दिलेली होती.

शेती सांभाळणारा माझा थोरला भाऊ मात्र या कौलावर संतापला. त्याला महाराष्ट्राविषयी विशेष प्रेम होते असे नाही. त्याचा प्रश्न वेगळाच होता. "मुंबईवाल्याईनं पानी देलं नाही, मंग नागपूरवाले का आनून देनार हायेत? आमचं तोंड तं दोन्हीकडं खारटच!" त्याच्या या बोलण्याने भासरे दुखावले. पुढच्या एका लग्नात दोघे एकाच पंगतीत बसले, पण एकमेकांशी बोलले नाहीत. ज्या राज्याचा अजून कागदही तयार झालेला नव्हता त्याच्या पायी दोन व्याही-घरांत अबोला आला, हे आज सांगताना हसू येते. तेव्हा मात्र त्याचा जाच मला पुरेपूर झाला, कारण दोन्ही घरांचे निरोप माझ्याच हातून जात असत.

दादाचे म्हणणे निव्वळ तिरकसपणाचे नव्हते. वऱ्हाडाचा इतिहास त्याच्या बाजूने साक्ष देतो. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला, तो आपल्याच सैन्याच्या थकलेल्या खर्चापोटी. १९०२ साली वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर तो कायमच्या पट्ट्याने देण्यात आला. दुसऱ्याच वर्षी इंग्रजांनी तो मध्यप्रांताच्या कारभाराला जोडला. तरीही नावापुरते स्वामित्व निजामाकडेच राहिले आणि १९३६ पासून त्याच्या वारसाला 'वऱ्हाडचा राजपुत्र' ही पदवी मिळाली. प्रांताचे नाव पडले 'मध्यप्रांत व वऱ्हाड'. त्या 'व'मध्ये बरेच काही साठलेले होते. कापसामुळे वऱ्हाडचा महसूल शिलकी असे आणि तो नागपूरकडच्या कारभारात खर्ची पडतो, ही तक्रार अमरावती-अकोल्याची मंडळी तेव्हापासून करीत आली. म्हणजे पुढे संपूर्ण विदर्भाने मुंबईविरुद्ध जे गाऱ्हाणे मांडले, तेच वऱ्हाडाने आधी नागपूरविरुद्ध मांडून ठेवले होते.

या सर्व घडामोडींत वऱ्हाडी माणसाला कोणी विचारले नाही, हेही नमूद करायला हवे. ऑगस्ट १९४७ मध्ये अकोला करार झाला. संयुक्त महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत, आणि ते न जमल्यास महाविदर्भ वेगळा व्हावा, असा त्याचा आशय होता. २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यात उपप्रांत गेले, आणि त्यांच्या जागी निधीचा न्याय्य वाटा, नोकऱ्या व शिक्षणात प्रमाणशीर प्रवेश आणि दर वर्षी काही काळ नागपुरात सरकार, अशी आश्वासने आली. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने मराठी भाषक आठ जिल्ह्यांचे वेगळे विदर्भ राज्य करावे अशी स्पष्ट शिफारस केली. ती बाजूला सारून १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. करार झाले ते पुढाऱ्यांमध्ये, आणि निर्णय दिल्लीत. मतपेटी यांत कोठेच नव्हती. लोकांनी आपले म्हणणे आडवाटेने सांगितले. १९६२ मध्ये बापूजी अणे नागपुरातून लोकसभेवर निवडून आले, १९७१ मध्ये त्याच नागपूरने जांबुवंतराव धोटे यांना पाठविले. पण निवडणुकीतल्या विजयाचा अर्थ ज्याला हवा तसा लावता येतो.

मराठी मुलखाच्या सीमेवर असा प्रश्न अधिकृतपणे एकदाच विचारला गेला, तो गोव्यात. १६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलात 'फूल' म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि 'दोन पाने' म्हणजे केंद्रशासित प्रदेश, अशी चिन्हे होती. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. महाराष्ट्रात या निकालाचे दुःख पुष्कळ झाले. पण मला त्यापुढची गोष्ट अधिक बोधक वाटते. कौलानंतर दोनच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करून हरलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच दयानंद बांदोडकरांच्या नेतृत्वाखाली पुन्हा सत्तेवर आला. विलीन व्हायचे नाही, पण राज्य मात्र बांदोडकरांनीच करावे, असे म्हणणारे मतदार तेथे बरेच असले पाहिजेत. त्यात मला कोठेही विसंगती दिसत नाही. दोन प्रश्न वेगळे होते आणि लोकांना त्यांतला फरक कळत होता. मात्र गोवा स्वतंत्र राज्य व्हायला ३० मे १९८७ उजाडावा लागला, आणि त्याच वर्षी राजभाषेचा कायदा होईपर्यंत कोकणी-मराठीचा वाद धुमसतच राहिला. कौलाने एका प्रश्नाचा निकाल लावला. बाकीचे प्रश्न वीस वर्षे तसेच चालले.

ब्रिटनची कथा अलीकडची आणि वाचकांना ठाऊक असलेली. २३ जून २०१६ रोजी तेथील ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, आणि देश प्रत्यक्ष बाहेर पडला ३१ जानेवारी २०२० रोजी. मधली साडेतीन वर्षे 'बाहेर म्हणजे नक्की कोठे' याच वादात गेली. वर्तमानपत्रांत ते वाद वाचताना मला आमच्याच घरातल्या जेवणाच्या पंगती आठवत. फरक एवढाच की त्यांच्या कौलाला किंमत मोजावी लागणार होती, आणि आमचा कौल फुकटचा होता. फुकटच्या कौलात प्रत्येकजण आपापले स्वप्न टाकू शकतो, कारण दुसऱ्याच्या स्वप्नाशी तडजोड करण्याची वेळच येत नाही.

आपल्याकडे ती वेळ कायद्यानेच येत नाही. राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार नवे राज्य करण्याचा अधिकार संसदेचा आहे. संबंधित विधानसभेचे मत मागवले जाते, पण ते बंधनकारक नसते. आंध्रच्या विधानसभेने विधेयक फेटाळूनही २ जून २०१४ रोजी तेलंगण अस्तित्वात आले. जनतेचा कौल घेण्याची तरतूद त्या अनुच्छेदात नाही. त्याच वर्षी झालेल्या विधानसभा निवडणुकीत, १९९७ च्या भुवनेश्वर ठरावापासून छोट्या राज्यांची भाषा बोलणाऱ्या भारतीय जनता पक्षाला विदर्भातल्या ६२ पैकी ४४ जागा मिळाल्या. राज्य काही झाले नाही. केवळ विदर्भाच्या नावावर उभे राहिलेल्यांना मतदारांनी जवळ केले नाही. याचा अर्थ चाचणीतले 'होय' खोटे होते असा लावला गेला. गोव्याचे उदाहरण पाहिल्यावर मला तसे म्हणवत नाही.

मग दादाचे काय? सिंचनाच्या अनुशेषाचा हिशेब १९८४ च्या दांडेकर समितीपासून मांडला जात आहे, आणि त्यात अमरावती, अकोला, वाशिम व बुलढाणा हे चार जिल्हे सर्वांत मागे रेंगाळलेले दिसतात, नागपूर विभागाच्याही मागे. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे पॅकेज आले, तेव्हा त्यातल्या सहा जिल्ह्यांपैकी पाच वऱ्हाडातले होते. खुद्द आमच्या जिल्ह्यात वान धरणाचे पाणी अकोला शहराकडे वळवायचे की तेल्हारा-अकोटच्या शेतीला राखायचे, यावर तंटे झाले आहेत. जिल्हा एक, भाषा एक, तरी पाण्याचे भांडण आहेच. हद्द कोठेही आखली तरी तिच्या आत कोणीतरी दूरचा राहतो, आणि पाणी त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते.

पुण्यात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने, म्हणजे दादाच्या मुलाने, एकदा विचारले होते, "आत्या, वेगळं राज्य झालं तर मी इथे परका होणार का?" मी त्याला सांगितले, की तसे काही होणार नाही, एका देशातली ही वाटणी आहे. त्याने मान डोलावली, पण ते त्याला पटले नाही हे मला कळले. 'होय' म्हणणाऱ्यांनी या मुलाला उत्तर देणे लागते. 'नाही' म्हणणाऱ्यांनी माझ्या भावाला उत्तर देणे लागते. चाचणीच्या कागदावर दोघांनाही जागा नव्हती.

अकोला आणि नागपूर या दोन्ही करारांत मला एकच उणीव दिसते. शब्द मोडला तर जाब कोणाला आणि कोठे विचारायचा, हे त्यांत बंधनकारक रीतीने लिहिलेले नव्हते. घटनेच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये विकास मंडळांची तरतूद १९५६ साली झाली, मंडळे प्रत्यक्ष स्थापन झाली १९९४ साली, आणि त्यांची मुदत एप्रिल २०२० अखेर संपली, तेव्हा आमच्याकडच्या बाजारात त्याची चर्चाही झाली नाही. म्हणून पुढचा कौल जेव्हा केव्हा होईल तेव्हा मतपत्रिकेला दुसरे पान असावे अशी माझी मागणी आहे. वऱ्हाडचा वाटा किती, पाण्याचा क्रम कोणता, हा शब्द मोडल्यास दाद कोठे, हे त्या पानावर असावे. भासऱ्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, की एवढे लिहीत बसलो तर राज्य कधी व्हायचे? दादाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, की एवढे लिहून मिळाले तर मीही 'होय' म्हणेन. दोघांचे बोलणे पुन्हा सुरू झाले ते त्या दुसऱ्या पानावर काय असावे यावरून. तो वाद अजून संपलेला नाही, आणि आधीच्या अबोल्यापेक्षा तो मला कितीतरी बरा वाटतो.