रेणेचं कार्ड कुणी छापलंच नाही

मंडळी, परवा नाशिकला मामांकडं गेलो होतो. त्यांच्या जुन्या ट्रंकेत एक चित्राचं पोस्टकार्ड निघालं. इंग्रजांच्या काळातलं, कडा पिवळ्या पडलेल्या. गोदावरीचा घाट. त्यात नदी सलग दिसतच नाही. दगडी बांधाची एकामागं एक कुंडं, पायऱ्यांवर धुणं, मागं नारोशंकराचं देऊळ. देऊळ १७४७ चं. चिमाजी अप्पांनी १७३९ ला वसई घेतली, तिथली पोर्तुगीज घंटा या देवळाला टांगलेली. पूर घंटेला टेकला की मोठा पूर, हा नाशिककरांचा हिशोब.

संध्याकाळी कार्ड खिशात घालून रामकुंडावर गेलो. देऊळ आहे, घंटा आहे. कुंडं मात्र शोधावी लागली. २००३ च्या सिंहस्थाला गर्दीची सोय म्हणून पात्रात काँक्रीट ओतलं. कुंडांच्या तळाचे जिवंत झरे त्याखाली दबले. लोक हायकोर्टात गेले. पुढं काही ठिकाणचं काँक्रीट फोडावं लागलं. म्हणजे घालायला पैसे, काढायलाही पैसे! लाखो माणसं उतरतात तिथं, सोय नको असं कोण म्हणेल? पण झऱ्यांचं कुणी आधी विचारलंच नसावं.

हे रेणापूरच्या लोकांना कशाला सांगतोय? आपली रेणा मांजरेला मिळते, मांजरा पुढं गोदावरीला. म्हणजे नातं आहेच. आणि मांजरा धरण आटलं तेव्हा काय झालं, ते आपण बघितलंय: एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. झऱ्याची किंमत आपल्याला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही.

उद्या आपल्याकडंही 'नदी सुशोभीकरण' असा बोर्ड लागला, तर टाळ्या वाजवायच्या आधी दोन प्रश्न विचारा. गावाचं सांडपाणी कुठं जाणार? आणि पात्राच्या तळाला काय घालणार? फरशी, दिवे, बाकडी नंतर बघू.

त्या वेळी दाखवायला आपल्याकडं कागद पाहिजे. नाशिकचं निदान कार्ड तरी निघालं. रेणेचं कुणी छापलंच नाही. म्हणून घरातले अल्बम काढा. रेणुकामातेच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांचा नदीकाठी काढलेला फोटो असला, तरी टाका. माणसांच्या मागं नदी दिसली, बास. फोटो नसला तर म्हाताऱ्या माणसांना विचारून एवढंच लिहा: उन्हाळ्यात झिरा कुठं खोदायचे, आणि पोळ्याला बैल कुठं धुवायचे.