बॉनेटला चुंबक चिकटेना

यवतमाळ-दारव्हा रस्त्यावर बोरी अरबला माझं गॅरेज आहे. इथं गाडीची पारख दारावरून होते. दार लावल्यावर ‘धप्प’ वाजलं तर गाडी दणकट, ‘टण्ण’ वाजलं तर डबा. गिऱ्हाइकांना हे मीच शिकवलं आणि त्यावर धंदाही केला. पुढे लोखंडी गार्ड, वर कॅरिअर, मागे बंपरला पाइप. लोखंड जितकं जास्त तितका जीव सुरक्षित, असं छातीठोकपणे सांगायचो.

एक डॉक्टर परदेशी कंपनीची महागडी जुनी गाडी घेत होते. सौद्याआधी त्यांनी मला बघायला बोलावलं. ठोकर लागून लांबी (पुट्टी) भरलेली गाडी ओळखायला आम्ही चुंबक फिरवतो. पत्र्याला तो चिकटतो, लांबीवरून घसरतो. बॉनेटभर फिरवला, कुठंच चिकटेना. “डॉक्टरसाहेब, अख्खं बॉनेट लांबीचं आहे,” मी चारचौघांत सांगून टाकलं. विकणारा काकुळतीला आला, “अ‍ॅक्सिडेंट झालाच नाही नं भाऊ, लेकराची शप्पथ!” सौदा मोडला. तो माणूस खरं बोलत होता. बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं होतं.

अ‍ॅल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. पत्रा जाड घ्यावा लागतो, तरी बॉनेट जवळजवळ निम्म्या वजनाचं होतं. ऑडीनं १९९४ मध्ये ए-८ चा अख्खा सांगाडाच अ‍ॅल्युमिनियमचा केला. २०१२ ची अ‍ॅल्युमिनियम बॉडीची रेंज रोव्हर आधीच्या मॉडेलपेक्षा ४२० किलोपर्यंत हलकी निघाली. चार क्विंटल कापूस उतरवून ठेवावा तसं. वजन १० टक्के घटलं की इंधन साधारण ६ ते ८ टक्के वाचतं, हा या सगळ्यामागचा हिशेब. मला तो ठाऊक नव्हता, कारण हलकं म्हणजे कच्चं हे माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं.

पुढे असंच एक बॉनेट दुरुस्तीला आलं. तोवर शहाणा झालो होतो, पण अर्धाच. गॅसवर पोलाद तापलं की लाल होतं, हाताला अंदाज येतो. अ‍ॅल्युमिनियम ६६० अंशांच्या आसपास वितळतं आणि तोवर रंगच बदलत नाही. मी लाल व्हायची वाट बघत राहिलो आणि पत्रा डोळ्यांदेखत खाली गळाला. नवं बॉनेट खिशातून घालून दिलं.

ती चूक पैशानं भरून निघाली. दुसरी निघणारी नाही.

आताच्या गाड्यांचे दोन दारांमधले पिलर बहुतेक वेळा पातळ पण फार कठीण पोलादाचे असतात. पत्रा लाल तापवून साच्यात दाबतात आणि तिथंच झटकन थंड करतात. सगळी ताकद त्या थंड करण्यात असते. म्हणून तर पातळ पत्रा चालतो आणि गाडी हलकी राहते. तोच पिलर पुन्हा गॅसवर तापवला आणि हळूहळू निवू दिला, की तो मऊ पडतो. मी असे पिलर तापवले, ओढून सरळ केले, वर लांबी नि रंग मारला. दिसायला नवेकोरे. कंपनीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तापवू नका, बदला. ते पुस्तक मी कधी मागितलंच नाही. त्यातल्या काही गाड्या आजही रस्त्यावर असतील.

गार्डचंही तसंच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हा मला तो दंड उकळायचा बहाणा वाटला. गाडीचा पुढचा भाग चुरगळून धडक सोसण्यासाठीच बनवलेला असतो आणि आपला गार्ड तो हिशेब बिघडवतो, हे फार उशिरा कळलं. गंमत म्हणजे हीच गिऱ्हाइकं “अ‍ॅव्हरेज पडलं” म्हणून परत यायची आणि मी इंजेक्टर साफ करून पुन्हा पैसे घ्यायचो. वजन मीच वाढवलेलं! आमच्या रस्त्यांवर दर स्पीड ब्रेकरला जड गाडी थांबवायची आणि पुन्हा पळवायची, त्यात डिझेल जातं. कारंज्याहून समृद्धी महामार्गावर चढून १२० नं निघालात, तर वजनापेक्षा वारा जास्त खातो. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा अडथळा चौपट. तिथं टपावरचं रिकामं कॅरिअरही महाग पडतं.

पुढच्या गाड्यांत बॅटरीचं ओझं येतंय, त्यामुळे बॉडी आणखी हलकी करावी लागणार. बीएमडब्ल्यूनं २०१३ मध्येच आय-३ च्या केबिनचा सांगाडा कार्बन फायबरचा बनवला. तिथं माझ्या हातोडीला कामच नाही.

गार्ड लावणं मी बंद केलंय. ज्यांनी माझ्याकडे पिलर सरळ करून घेतला, त्यांनी गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये एकदा दाखवावी आणि ते म्हणतील तर पिलर बदलून घ्यावा. त्या कामाची घेतलेली मजुरी मी परत देईन. पावती नसली तरी चालेल.