ओलसर गालावरचा लेप

पौष महिन्यात पहाटे गोमतीकाठचे धुके ज्याने पाहिले आहे, त्याला लखनौत कोणाचा चेहरा कोरडा पडत असेल हे सांगून पटायचे नाही. दहा हातांवरची रिक्षा दिसत नाही, गच्चीवर वाळत घातलेले धोतर दोन दोन दिवस दमटच राहते, कठड्याला हात टेकावा तर तळवा ओला होतो. आणि तरीही अमीनाबादेतील माझ्या औषधांच्या दुकानाशी येणारे प्रत्येक दुसरे गिऱ्हाईक गालावर बोट ठेवून एकच कैफियत मांडते : 'चेहरा खिंचता है.' या 'खिंचने'ला नेमका मराठी शब्द मला चाळीस वर्षांत सापडलेला नाही. 'तडतडते' म्हणावे तर ते फार कोकणी उन्हाचे वाटते, 'ओढल्यासारखे होते' म्हणावे तर त्यातली तक्रार निघून जाते.

धुक्याचे हे कोडे उलगडायला मला बराच काळ लागला. 5 अंशांवरची हवा दर घनमीटरास जेमतेम 7 ग्रॅम बाष्प धारण करते; तेवढ्यावरच तिचे पोट भरते, आणि उरलेले पाणी धुके होऊन बाहेर तरंगते. पण हीच हवा खोलीत येऊन अंगीठीने वा विजेच्या शेगडीने 20 अंशांपर्यंत तापली, की तिची भूक 17 ग्रॅमांवर जाते, पदरी मात्र तेच 7. मधल्या दहा ग्रॅमांचा तगादा ती समोर दिसेल त्याला लावते, आणि खोलीत बसलेल्या माणसाचे उघडे अंग म्हणजे मुख्यतः त्याचे मुख. दुपारी धुके विरून पछुआ, म्हणजे पश्चिमेचा कोरडा वारा, सुटली, की हीच वसुली उघड्यावर सुरू होते. त्यातही अन्याय असा, की कपाळाला व नाकाला स्वतःच्या स्निग्ध ग्रंथींची भरपूर जहागीर आहे, गालांना थोडीच, ओठांना तर जवळजवळ नाहीच. म्हणून हिवाळा आपले पहिले दप्तर नेहमी ओठांच्या कडेला उघडतो.

मी येथे आलो तो काकांच्या हाताखाली. विष्णु नारायण भातखंडे यांनी 1926 मध्ये लखनौत जे संगीत विद्यालय स्थापन केले, त्याच्या ओढीने काका तरुणपणी पुण्याहून इकडे आले. गळा साधला नाही, खल साधला, असे ते स्वतःच सांगत. त्यांच्या दुकानात दर कार्तिकात एक मलम तयार होई. त्याच्या बरणीवर 'कोल्ड क्रीम' अशी इंग्रजी चिठ्ठी असे, परंतु चौकातले वृद्ध हकीम त्याला 'कैरूती' म्हणत. आणि दोघेही खरेच होते, कारण मेण, तेल व गुलाब यांचा हा योग दुसऱ्या शतकातील ज्या ग्रीक वैद्याच्या नावावर आहे, त्याला विलायती पुस्तके गॅलन म्हणतात आणि युनानी पोथ्या जालीनूस. एकच गृहस्थ दोन वाटांनी अमीनाबादेत येऊन पोचला होता. त्यात टाकणखाराची भर पडली ती फार मागाहून. मेणातील आम्लाशी त्याचा संयोग होऊन किंचित साबण बनतो, आणि तो साबण तेल व पाणी यांच्यात मध्यस्थी करतो.

कृती सांगायला चार ओळींची. पांढरे मेण आणि बदामाचे तेल एका भांड्यात. गुलाबजल व मेणाच्या वजनाच्या सुमारे सोळाव्या हिश्श्याइतका टाकणखार दुसऱ्यात. दोन्ही 70 अंशांच्या आसपास आणून पाण्याची धार तेलात, आणि मग निवेपर्यंत एका दिशेने, एका लयीत घोटणे. माझ्या उमेदवारीच्या पहिल्याच हिवाळ्यात काका बाहेरगावी असता हा कारखाना मी एकट्याने मांडला. मेण उकळत्या पाण्यात ठेवून वितळवले आणि गुलाबजल मात्र सुवास उडेल या भीतीने थंडगारच ओतले. मेण 62-63 अंशांखाली घट्ट होते, हे मला ठाऊक होते. ठाऊक असणे आणि हाताला कळणे यांत किती अंतर आहे, ते त्या कढईत तरंगणाऱ्या मेणाच्या कण्यांनी दाखवून दिले. काकांनी परत आल्यावर त्या कण्या बोटांत चुरडून पाहिल्या, रागावले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मला चौकात गोल दरवाजाशी घेऊन गेले.

तेथे थंडीच्या दिवसांत मक्खन मलाई विकायला बसतात. रात्री दूध उघड्यावर, दवात ठेवायचे, पहाटेपूर्वी घुसळून त्याचा फेस काढायचा, केशर-पिस्ते घालून तो मोठ्या परातीत शिगेसारखा रचायचा. जिभेवर ठेवताच नाहीसा होतो, आणि ऊन चढले की परातीतही खचू लागतो. 'दुधात वारा कोंडलाय,' काका म्हणाले, 'तुला तेलात पाणी कोंडायचे आहे. दोघांचा शत्रू एकच, ऊब.' एवढाच धडा. पण तेव्हापासून घोटताना माझा डावा हात भांड्याच्या बुडाशी असतो. तापमापकाआधी तळवा सांगतो. जेठात पारा 44-45 अंशांवर गेला की याच मलमातून तेल सुटते, म्हणून होळीनंतर आम्ही ते करीत नाही. काही पदार्थांना ऋतूचा हुकूम मानावाच लागतो.

हे मलम लावताच गाल गार का वाटतो, याचे उत्तरही त्या कोंडलेल्या पाण्यातच आहे : कातडीच्या उबेने ते सुटते, उडून जाते, आणि जाताना थंडावा देते, विलायती नावातला 'कोल्ड' तोच. पण खरी गोष्ट मला त्याहून उशिरा कळली. 1952 मध्ये अरविन ब्लँक या अमेरिकी संशोधकाने पायाच्या घट्ट्याचे वाळलेले तुकडे घेऊन पाहिले, तेव्हा तेलात ठेवलेला तुकडा ताठच राहिला, पाण्यात ठेवलेला मऊ झाला. म्हणजे तेल त्वचेला मृदू करीत नाही. मृदू करते ते पाणी. तेल केवळ दाराशी बसून त्याला बाहेर जाऊ देत नाही. हे वाचले त्या रात्री मला माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांचे चेहरे आठवले, ज्यांना मी 'कोरड्या गालावर चांगले जाडसर लावा' अशी ताकीद देऊन घरी पाठवले होते. रिकाम्या कोठाराला कुलूप लावण्याची ती तजवीज! तेव्हापासून सांगतो : कोमट पाण्याने तोंड धुवा, पंच्याने टिपा, पुसू नका, आणि ओल आहे तोवर, दोन-तीन मिनिटांत लावा. कढत पाणी नको. ते त्वचेच्या पेशींमधला जन्मजात स्निग्ध गिलावाच खरवडून नेते. आईचे अभ्यंग उलट क्रमाने, आधी तेल आणि मग ऊन पाणी. पण तेथे तेलाचे काम त्या ऊन पाण्यापासून रक्षणाचे, म्हणून मी तिला कधी चुकीचे ठरवले नाही. स्नानानंतर पुन्हा थोडे लावा, एवढीच पुरवणी जोडतो.

अवधी घरांत ग्लिसरीन, गुलाबजल व लिंबू यांचे मिश्रण परंपरेने चालते. पहिली दोन उत्तम, मात्र ग्लिसरीन निर्जळ लावू नये. कोरड्या हवेत त्याला पाणी मिळाले नाही तर ते कातडीतूनच ओढते. लिंबाशी माझे वैर आहे. चिरलेल्या गालावर लिंबू लावून रडणारी मुले मी पाहिली आहेत. मोहरीचे उटणे, म्हणजे बुकवा, तान्ह्यांना चोळण्याच्या चालीविषयी मी अधिक जपून बोलतो, कारण तीत आजीचा जीव गुंतलेला असतो. पण 2002 मध्ये उंदरांवर झालेल्या प्रयोगांत मोहरीच्या तेलाने त्वचेची भरपाई लांबलेली दिसली आणि सूर्यफुलाच्या तेलाने साधली, तेव्हा चोळायचेच तर कोणते, हे सांगायला मी कचरत नाही. आमचे टाकणखाराचे मलम मात्र तान्ह्यांना आणि फाटलेल्या कातडीला मी देत नाही.

एका हिवाळ्यात चिकनचे भरतकाम करणाऱ्या एक प्रौढ बाई आल्या. बोटे खरखरीत झाली की तलम कापडाचा धागा अडकतो, म्हणून मलम त्या हातांसाठी दरसाल नेत. त्या वर्षी गालही कोरडे पडले होते. पाच वेळच्या नमाजाला पाच वेळा वुजू, म्हणजे पाच वेळा थंड पाण्याने तोंड. मी आनंदलोच, ओल तर दिवसातून पाच वेळा आयतीच मिळत होती. परंतु त्यांनी डबी उघडली, बोटावर घेऊन चोळली, आणि शांतपणे विचारले, 'भैया, यह मोम पानी को रोक तो नहीं देगा?' पुढच्या वुजूचे पाणी कातडीला लागलेच पाहिजे, मध्ये थर चालत नाही. ज्या गुणासाठी मी हे मलम करीत आलो, तोच त्यांना अडचणीचा होता. त्या कोणाला तरी विचारून आल्या : नुसत्या तेलकटपणाला मुभा आहे, थराला नाही.

मग मी मेण उतरवीत गेलो. अर्धे केले तर मलम डबीत वाहू लागले. तेल वाढवले तर पाणी सुटले. सहाव्या की सातव्या घाणीला, मेण तिहाईने कमी आणि घोटणे दुप्पट वेळ, असा एक पातळ लेप जमला, जो कोमट पाण्याचा हात फिरताच निघून जातो. त्याला डबी चालत नाही, रुंद तोंडाची काचेची बाटली लागते. काकांच्या मूळ मलमाच्या शेजारी ती आता दर कार्तिकात मांडली जाते. तिच्यावर चिठ्ठी अजून नाही, कारण तिला नाव काय द्यावे हे त्या बाईंनी अद्याप सांगितलेले नाही.