समोरचे घर

आमच्या घरात एक जुना रिवाज आहे. कोणतीही नवी गोष्ट निघाली की प्रथम मी 'नाही' म्हणायचे, मग सौ.ने आठ दिवस काहीच बोलायचे नाही आणि नवव्या दिवशी ती गोष्ट व्हायची. आमच्या मुलीने दहावीनंतर पौडच्या शाळेसाठी अर्ज भरला, तेव्हाही याच क्रमाने सारे घडले.

पौड हे पुण्याच्या पश्चिमेला, मुळशी तालुक्यातले गाव. त्याच्याजवळच्या डोंगरावर 1997 साली महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. नाव कॉलेजचे असले तरी तिथे अकरावी-बारावीच्या वयाचीच मुले असतात. ती नाना देशांतून येतात आणि दोन वर्षे तिथेच राहतात. फी आपल्यासारख्यांच्या छातीत धडकी भरवणारी. पण घरची ऐपत पाहून शिष्यवृत्ती देण्याची चाल आहे, म्हणून आमचे निभावले. मूळ कल्पना कुर्ट हान या जर्मन शिक्षकाची. हिटलरला विरोध केल्यामुळे 1933 साली त्यांना देश सोडावा लागला. वेगवेगळ्या देशांची मुले कोवळ्या वयात एका पंक्तीला जेवली, तर पुढे एकमेकांवर बंदूक रोखताना त्यांचा हात जरा तरी अडखळेल, असा काहीसा हा विचार. पहिले विद्यालय 1962 साली वेल्समधल्या एका जुन्या किल्ल्यात भरले. आज जगात अशी अठरा विद्यालये आहेत.

हे सगळे मुलीने मला समजावून सांगितले. मी म्हणालो, "अगं, किल्लाच हवा असेल तर आपला मस्तगड काय वाईट आहे?"

आम्ही मस्तगडचे. कुंडलिकेच्या काठी, जालन्यात, आसफजाहाच्या हुकुमाने 1725 साली बांधलेल्या गडाच्या सावलीत माझा जन्म गेला. माझा खरा धसका वेगळाच होता. मी कॉलेजात मराठी शिकवतो. मराठीच्या मास्तराची मुलगी त्या गर्दीत मराठी विसरेल, ही ती भीती. पण तिथल्या अभ्यासक्रमात शिक्षक नसला तरी आपल्या भाषेचे साहित्य स्वतःच्या बळावर अभ्यासता येते. पोरीने मराठीच घेतली आणि फोनवर मला असे असे प्रश्न विचारू लागली, की माझ्या वीस वर्षांच्या टिपणवह्या उघड्या पडल्या!

गेल्या दिवाळीला ती चार दिवस घरी आली, ती एका मैत्रिणीला घेऊन. ही मुलगी अफगाणिस्तानातली, हेरातची. तिच्या देशात 2021 पासून मुलींना सहावीपुढे शाळेचा दरवाजा बंद आहे. त्यामुळे सुटी लागली म्हणून घरी जावे, असे तिला घर नव्हते. पहिल्या आंघोळीला सौ.ने आमच्या मुलीशेजारी तिलाही पाटावर बसवले आणि तेल-उटणे लावले. तेलाचा हात डोक्यावर पडताच ती मुसमुसून रडू लागली. सौ.ला इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नव्हते. पण सौ.ने हात थांबवला नाही, आणि तीही पाटावरून उठली नाही.

फराळाच्या वेळी मी जरा प्राध्यापकी केली. आपले शंकरपाळे म्हणजे फारसी 'शकरपारा', शंकराचा त्याच्याशी काही संबंध नाही, असे मी माझ्या तोडक्या इंग्रजीत तिला सांगितले. ती हसली. मग एकेक शब्द निघत गेला. बाजार, दुकान, जमीन, हजार, शहर, दरवाजा. तिचेही तेच, आमचेही तेच. शिवाजीमहाराजांनी फारसी शब्दांना पर्याय देणारा 'राजव्यवहारकोश' करवून घेतला, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. पण ज्या भाषेविषयी मी तासन् तास बोललो, ती बोलणारे माणूस त्या दिवशी प्रथमच माझ्यासमोर बसून चिवडा खात होते.

संध्याकाळी आम्ही गल्लीतून निघालो. ती दुकानांवरच्या उर्दू पाट्या धडाधड वाचत चालली. ज्या पाट्यांखालून मी पंचेचाळीस वर्षे ये-जा केली, त्यांवर काय लिहिले आहे हे मला हेरातच्या मुलीने सांगितले.

परत येताना मुलगी म्हणाली, "बाबा, समोर खालांकडे जाऊ या."

इथे मला एक कबुली दिली पाहिजे. समोरच्या घरातल्या खाला आमच्या आईच्या वेळेपासूनच्या शेजारीण. दर ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा येतो, दर दिवाळीला आमच्याकडून फराळाचे ताट जाते. लोकांना हा शेजार मी कौतुकाने सांगतो. पण तो शीरखुर्मा आमच्या घरात कोणी खात नसे. आई असताना तो दूधवाल्याच्या पोराला जाई. आई गेली, पण रिवाज राहिला. आणि त्यांच्या उंबऱ्याच्या आत मी कधी बसलो नव्हतो. 'चला ना' म्हणणाऱ्या मुलीच्या डोळ्यांत पाहिले आणि मला कळले, की हिला हे सगळे लहानपणापासून ठाऊक आहे.

आम्ही गेलो. ईद नव्हती, तरी परमुलखातली पोर आली म्हणून खालांनी घाईघाईने शीरखुर्मा केला. नाव ऐकताच ती मुलगी उजळली. तिच्या बोलीत शीर म्हणजे दूध, खुर्मा म्हणजे खजूर. तिची फारसी आणि खालांची दखनी अर्ध्या वाटेवर भेटत होत्या. राहिलेली अर्धी वाट खाला तिच्या पाठीवर हात फिरवून काढत होत्या.

वाट्या भरल्या. माझ्यापुढे मात्र खालांनी नुसता चहा ठेवला आणि हसून म्हणाल्या, "तुमकू मीठा जमता नहीं ना, प्रोफेसरसाब. मालूम है मेरेकू."

त्या स्वरात टोमणा नव्हता, हेच मला लागले. इतकी वर्षे त्यांना ठाऊक होते, तरी डबा दर ईदेला येतच होता. मुलीने खाली पाहिले. मी चहाचा कप बाजूला सारला आणि म्हणालो, "जमतं खाला, द्या एक वाटी."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि वाटी काठोकाठ भरली. शीरखुर्मा चांगला झाला होता. चारोळी सढळ हाताने घातली होती. मी दुसऱ्यांदा मागून घेतला.

रात्री मी मुलीला म्हणालो, "तुला दूर पाठवायला मी उगीच घाबरलो."

"दूर कुठं, बाबा?" ती म्हणाली. "तिथं माझ्या खोलीत चार देशांच्या मुली आहेत. सगळ्यांत आधी आम्ही एकच शिकलो. समोर आलेलं आधी चाखून बघायचं, मग नको म्हणायचं."

आमच्या घरच्या रिवाजाच्या हे अगदी उलट. यंदाच्या ईदेला डबा आला, तेव्हा सौ.ने तो सर्वांना वाढला. डबा मी धुतला, त्यात शंकरपाळे भरले आणि स्वतः समोर नेऊन दिला. आमच्या दारापासून खालांच्या दारापर्यंत बारा पावले आहेत. येताना मोजली.