तीन डिसेंबरची सुट्टी

वास्कोला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट भोपाळला उतरता येतं, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. तरी मावसबहिणीकडे जायला मला वीस वर्षं लागली. गेलो ते २०२४ च्या डिसेंबरात. सकाळी बघतो तर आठवीतला भाचा अजून लोळतोय. "शाळा नाही का रे?" तर म्हणाला, "मामा, आज गॅसकांडची सुट्टी." आपल्याकडची मुलं चवथीची सुट्टी म्हणतात ना, अगदी त्याच सुरात!

आदल्या दिवशी शाळेत दोन मिनिटं उभं केलं होतं म्हणे, आणि मग प्रदूषणावर निबंध. २ डिसेंबर हा राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन. म्हणजे मुलांच्या वहीत माणसं मेली ती प्रदूषणाने. पाण्यात प्लास्टिक टाकू नये वगैरे.

१९८४ साली त्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर गेला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा खर्च वाचवण्यासाठी आधीच बंद केलेली होती. याला नरसंहार म्हणावं का? १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारात त्यासाठी हेतू लागतो. इथे कोणाला मारायचं ठरलं नव्हतं, मान्य. पण पैसे वाचवायचं ठरलं होतं, आणि कुंपणाला लागून कोण राहतं हे ठरवणाऱ्यांना ठाऊक होतं. मला 'दुर्घटना' हा शब्द लिहवत नाही.

दुपारी भाच्याला घेऊन जे. पी. नगरला गेलो. बहीण शहराच्या नव्या भागात राहते, तिथून कोणी सहसा इकडे येत नाही. कारखान्यासमोर रूथ वॉटरमन या डच शिल्पकर्तीने १९८५ मध्ये घडवलेला पुतळा आहे. कडेवर तान्हं मूल, पदराला दुसरं, आणि आईने हाताने तोंड झाकून घेतलेलं. वस्तीतली पाच-सहा मुलं मेणबत्त्या लावत होती. त्यातल्या एकीने भाच्याला विचारलं, "तुम्हारे यहाँ से कौन गया था?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "कोई नहीं." तिने काही न बोलता पाकिटातली एक मेणबत्ती त्याच्या हातात दिली. तिच्या घरातले दोघे होते, आजोबा आणि त्यांची धाकटी बहीण. बहिणीचा कागद झालाच नाही, असं ती सांगत होती.

कागदाचं मला कळतं. मी कचेरीतला कारकून. सरकारी मृतांचा आकडा आधी २२५९ होता, मग ३७८७ झाला, भरपाई ५२९५ मृत्यूंसाठी मिळाली, आणि संघटना २० हजारांहून अधिक सांगतात. बहुतेक जखमींच्या हाती २५ हजार रुपये पडले. पहिल्या दिवसांत घाईघाईने सामुदायिक दफन-दहन झालेल्यांचा दाखला कुठून आणायचा? 'कागद आणा, मग बघू' हे मीही खिडकीतून किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

परतताना रिक्षात भाच्याने विचारलं, "मामा, तुमच्या गोव्यात असं काही झालं?"

झालं नाही, कारण होऊ दिलं नाही. फोंड्याजवळ केरीच्या पठारावर नायलॉन ६,६ चा कारखाना येणार होता, तेव्हा मीही आठवीतच होतो. मोठी माणसं भोपाळचं नाव घेऊन भांडत होती. १९९५ च्या जानेवारीत पोलिसांच्या गोळीबारात निलेश नायक गेला. प्रजासत्ताक दिनी शाळेत आम्ही झेंड्याला सलामी दिली, लाडू खाल्ला. त्याचं नाव कोणी घेतलं नाही, मीही नाही. माझ्या मुलीला मी ते आजवर सांगितलेलं नव्हतं. रिक्षात भाच्याला सांगितलं ते पहिल्यांदा.

२०२५ च्या जानेवारीत त्याचा फोन आला. कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांत भरून पीथमपूरला जाळायला नेला होता आणि तिथले लोक रस्त्यावर उतरले होते.

"मामा," तो म्हणाला, "आता तिथल्या मुलांनाही सुट्टी मिळणार का?"